सर्वांत थोर शोध कोणता?



गेल्या आषाढीस नंदवाळ येथे आमची कीर्तनसेवा होती. पंढरीस जाणे ज्यांना घडत नाही अशी करवीरची मंडळी मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून दिंडीने नंदवाळास येतात, हे आपणांस ठाऊकच आहे. कीर्तन आटोपून आम्ही फराळास बसलो होतो. इतक्यात एक तरुण पुढे आला. उद्यमनगरात लेथवर काम करणारा, बोटांच्या पेरांत तेल मुरलेले, गळ्यात तुळशीची माळ. नमस्कार करून म्हणाला, "महाराज, एक विचारू काय? माणसानं आजवर इतके शोध लावले. त्यांत सगळ्यांत मोठा कुठला?"

भोवतालची मंडळी लगेच सरसावली. एकजण म्हणाला चाक. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने नांगर सांगितला. कोणी वीज म्हणाले, कोणी इंजिन. एका पोराने तर खिशातला मोबाईलच वर करून दाखवला. शेवटी सर्वांनी आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "नामस्मरण!" मंडळी हसली, टाळ्या वाजल्या, विषय मिटला.

विषय मिटला खरा, पण रात्री आम्हांस झोप येईना. त्या पोराने मनापासून विचारले होते आणि आम्ही त्याला टाळी घेणारे उत्तर दिले. नाम हा काय कोणा माणसाने लावलेला शोध आहे? ते अनादि आहे असे आम्हीच पाटावर उभे राहून सांगतो. आम्हा कीर्तनकारांना ही एक वाईट खोड असते. प्रश्न अडचणीचा आला की देवाला पुढे करायचे आणि आपण मागे लपायचे. तेव्हा त्या तरुणाचे देणे येथे फेडतो.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'शोध' हा शब्द शुध् धातूपासून आला. त्याचा मूळ अर्थ शुद्ध करणे. मराठीत तो सापडवणे या अर्थी रुळला. माणसाला अग्नी सापडला. तो वणव्यात होताच. चाक मात्र सृष्टीत कोठे नव्हते, ते माणसाने घडवले. पाच-साडेपाच हजार वर्षांपूर्वी ते पश्चिम आशियात फिरताना दिसते, गाड्याला आणि कुंभाराच्या घरीही. आमच्या गोरोबाकाकांचा सारा संसार त्याच्यावर चालला. नांगराची थोरवी शेतकऱ्याला आम्ही काय सांगावी? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून लोक त्याला हात लावीनात! पुढे याच नांगराने दक्षिण महाराष्ट्राची रानेच्या राने उलथली. शून्याचे गणित ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये नियमांनी बांधले. त्यावाचून आज व्यापार नाही आणि तो मोबाईलही नाही.

मग यांत थोर कोणता? आम्ही एक कसोटी लावतो. ज्याच्यावाचून बाकीचे शोध लावणाऱ्याबरोबरच मसणात जातील, तो शोध थोर. उद्यमनगरातला जुना मिस्त्री इंजिनाचा भाग नुसत्या हाताच्या अंदाजाने करी. मिस्त्री गेला की तो अंदाजही गेला. पण कागदावर आकृती काढून माप लिहून ठेवले असेल तर परका पोरही तो भाग पुन्हा करील. तेव्हा आमचे उत्तर असे, की माणसाचा सर्वांत थोर शोध म्हणजे लिहिलेले अक्षर.

आता एक गंमत बघा. ही पहिली अक्षरे देवासाठी जन्मली नाहीत. इराकच्या भूमीत सुमेर म्हणून देश होता. तेथे पाच हजार वर्षांपूर्वी ओल्या मातीच्या विटांवर खुणा केल्या त्या जवाच्या पोत्यांच्या आणि मेंढरांच्या. हिशेबासाठी! आपल्याकडे ज्या लिपीची वंशावळ लागते ती ब्राह्मी. अशोकाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी ती खडकांवर कोरवली. बाळबोध आणि मोडी ही तिचीच नातवंडे. आणि आपली वर्णमाला तर पाहत राहावी अशी आहे. कंठापासून निघून टाळू, मूर्धा, दात करीत ओठापर्यंत यावे, असा आवाजांचा क्रम लावला आहे. पाटीवर क, च, ट, त, प गिरवणारे पोर आपल्याच मुखाची यात्रा करीत असते, फक्त त्याला कोणी सांगत नाही.

हिशेबातून जन्मले म्हणून अक्षराला एक दोषही चिकटला. गरिबाच्या गळ्यातला फास अक्षराचाच असतो. कर्जखत म्हणजे दुसरे काय? तुकोबांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत बुडवली अशी कथा आहे. पुढे त्याच इंद्रायणीत त्यांच्या अभंगांच्या वह्या दुसऱ्यांनी बुडवायला लावल्या. एकच नदी. खते बुडाली ती बुडालीच. वह्या तेरा दिवसांनी वर आल्या असे परंपरा सांगते. त्या वह्या लोकांच्या मुखातून वर आल्या असे काही अभ्यासक म्हणतात. आम्हांला दोन्हींत विरोध दिसत नाही.

येथे कोणी शास्त्री पूर्वपक्ष मांडील. महाराज, अक्षर एवढे थोर म्हणता, तर मग वेद कसे राहिले? ते लिहून ठेवण्याची चाल नव्हती. आक्षेप बरोबर आहे. आम्ही लहानपणी पाठशाळेत हा प्रकार जवळून पाहिला आहे. घनपाठ म्हणजे काय? मंत्रातले पहिले पद एक, दुसरे दोन, तिसरे तीन असे समजा. घनपाठी म्हणतो: एक दोन, दोन एक, एक दोन तीन, तीन दोन एक, एक दोन तीन. मग पुढची जोडी धरून पुन्हा तसेच. एक पद घसरले तर उलट फिरताना लगेच अडते. कागद नाही, दौत नाही, आणि चूक शिरायला फट नाही. २००३ साली युनेस्कोने या वेदपठणाचा मानवजातीच्या वारशात गौरव केला. हादेखील मोठा शोधच होय, आणि आमच्या देशाचा.

पण सिद्धान्त सांगताना आपल्या पक्षाचीही झाडाझडती घ्यावी लागते. या रीतीला एका मुलाची दहा-बारा वर्षे द्यावी लागतात. शिवाय दार अरुंद. बायकांना आत घेतले नाही, शूद्र म्हणून ज्यांना बाजूला ठेवले त्यांना घेतले नाही. तिजोरी उत्तम, किल्ली मूठभरांच्या कमरेला. ज्ञानेश्वर माउलींनी शके १२१२ त नेवाशास गीतेचा अर्थ मराठीत आणला, सच्चिदानंदबाबांनी तो लिहिला, तेव्हा हे दार उघडले.

लिहिले म्हणजे मात्र निर्धोक झाले असे नव्हे. नकलेवरून नकल होताना ओळ गळते, कोणी हौशी आपली ओवी मध्येच घुसडतो. नाथमहाराजांना म्हणूनच शके १५०६ त, म्हणजे २९४ वर्षांनी, अनेक प्रती जमवून ज्ञानेश्वरी शुद्ध करावी लागली. वर शोध शब्दाचा मूळ अर्थ सांगितला तो हा. नाथांनी नवे काही घातले नाही आणि पुढे कोणी घालू नये म्हणून बजावूनही ठेवले.

अक्षराला पाय फुटले ते छाप्याने. ज्यावर साल दिलेले आहे असे जगातले सर्वांत जुने छापील पुस्तक इ. स. ८६८ चे, चीनमधले. तो बौद्धांचा वज्रच्छेदिका नावाचा ग्रंथ आहे. एका मुलाने आईबापांच्या पुण्यार्थ, फुकट वाटण्यासाठी तो छापवला. युरोपात गटेनबर्गने १४५५ च्या सुमारास सुटे खिळे जुळवून बायबल काढले. गोव्यात १५५६ मध्ये छापखाना उतरला, आणि १६१६ साली फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण राचोलला छापले गेले. जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्या, पण अक्षरे रोमन!

मिरजेची गोष्ट तर आपल्या अंगणातली, येथून पंधरा-सोळा कोसांवरची. नाना फडणिसांच्या उत्तेजनाने पुण्यात एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याचे काम हाती घेतले. १८०० साली नाना गेले. मग मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी त्या कारागिराला आश्रय दिला आणि १८०५ साली मिरजेत गीता छापून निघाली. कल्पना करा, सातशे श्लोक, आणि एकेक अक्षर उलटे कोरायचे, म्हणजे कागदावर सुलटे उमटेल. त्या तांबटाने गीतेचे जेवढे मनन केले तेवढे आम्ही पाठशाळेत केले असेल काय, शंकाच आहे.

आणि लोक कसे असतात पाहा. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास छापण्यास आरंभ केला, तेव्हा शाईत चरबी असेल म्हणून सोवळ्यातली मंडळी छापील कागद शिवेनात. शेवटी त्यांनी तुपाची शाई केली. लोखंडी नांगर आणि छापील पोथी, दोघांची सुरुवात सारखीच! तुकोबांच्या गाथ्याला मुंबई सरकारने २४,००० रुपये दिले. देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथल्या वह्या ताडून इंदुप्रकाश छापखान्यातून १८६९ पासून दोन भागांत साडेचार हजारांवर अभंग बाहेर पडले. ज्या वह्या घराण्याघराण्यांत कापडात बांधलेल्या होत्या, त्या बाजारात मिळू लागल्या.

घराण्याच्या वह्या म्हटले की आम्हांला आमची लाज सांगितली पाहिजे.

आमच्याकडे दोन बाडे होती. एक आजोबांचे, एक वडिलांचे. वडिलांच्या बाडात सुमारे साठ अभंगांवरची निरूपणे, दृष्टांत, चाली, त्यांच्या स्वतःच्या काही गवळणी होत्या. तीसएक वर्षांपूर्वी भुदरगडाकडचा आमचा एक टाळकरी म्हणाला, "महाराज, आठ दिवस बाड द्या, उतरून घेतो." आम्ही सांगितले, "ते घराण्याचं आहे, बाहेर जायचं नाही." तो रागावला नाही. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या जागी टाळ घेऊन उभा राहिला. आणि आम्ही? बाड घरात आहेच, मग पाठ कशाला करा, म्हणून तीन निरूपणांपलीकडे पाठही केले नाही. दुसऱ्याला दिले नाही आणि आपण घेतले नाही.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेने काय केले ते करवीरकरांना सांगायला नको. धोक्याची पातळी ४३ फूट. नदी ५५ फुटांच्या वर गेली. आमचे घर शुक्रवार पेठेत उतारावर. आम्हांला होडीतून काढले. देवघरातली मूर्ती घेतली, औषधे घेतली, खाटेखालची पेटी राहिली. आठवड्याने घरात पाय ठेवला. पेटी उघडली तो आजोबांचे बाड चिखलाने माखलेले, पण धुऊन वाळवल्यावर वाचता आले. ते लाखेच्या शाईने लिहिलेले होते; लाख, टाकणखार आणि काजळी घालून करीत ती पक्की शाई. वडिलांनी बाजारची पुडी पाण्यात कालवून लिहिले होते. त्यांच्या पानांवर निळे ढग तेवढे उरले. गीतेच्या आठव्या अध्यायाचे नाव अक्षरब्रह्मयोग, अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते, असे आम्ही चाळीस वर्षे सांगत आलो. त्या दिवशी ती पाने हातात धरून आम्ही पायरीवर बसलो होतो. तेरा दिवस धरणे धरण्याची आमची पात्रता नव्हती.

चिखल उपसायला गावोगावची माणसे आली, त्यांत तो टाळकरीही होता. संध्याकाळी त्याने ती निळी पाने पाहिली. थोडा वेळ गप्प बसला आणि मग हळूच म्हणू लागला. वडिलांचे गोरोबाकाकांवरचे निरूपण, आरंभापासून. वडिलांमागे सहा वर्षे आणि आमच्यामागे तितकी दशके नसली तरी खूप वर्षे तो उभा होता. आवाजाची चढउतार वडिलांचीच.

तेव्हापासून दर एकादशीस तो येतो. तो सांगतो, आम्ही लिहितो. साठांपैकी सोळा त्याच्या मुखातून उतरली, तीन आमची, बाकीची गेली ती गेली. गवळणींतली एकच पुरी सापडली. दोन ठिकाणी त्याचे आणि आमचे जमत नाही. तेथे दोन्ही पाठ लिहून ठेवले आहेत. तो लेथवाला तरुण आता पानांची छायाचित्रे काढून देतो. जो मागेल त्याला त्याने ती पाठवावीत असे त्याला सांगितले आहे. मागच्या एकादशीस लिहिलेले पान आम्ही वाचून दाखवीत होतो, तर टाळकऱ्याने हात वर करून थांबवले. म्हणाला, "इथं थोरले महाराज पाणी प्यायचे."

आम्ही तेही समासात लिहून घेतले.