फुकटची वीज आणि शेजाऱ्याची तहान

"महाराज, घराला सूर्याची वीज घ्यावी काय?" असे श्रोते आम्हांस विचारतात. केंद्र सरकारने २०२४ साली सूर्यघर योजना काढली व ३ किलोवॅटच्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठेवले. तेव्हापासून "फुकट आहे ना, मग घेऊन टाका!" असे सर्रास ऐकू येते. आम्ही म्हणतो, घ्यावी. पण फुकटासाठी नव्हे.

२०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून परळीचे औष्णिक वीजकेंद्र बंद पडले. कोळशाची वीज पाणीही पिते, हे तेव्हा आपल्या बीड जिल्ह्याने पाहिले. दिवा आपल्या घरी, तहान दुसऱ्याच्या! बिल भरले म्हणून हे ऋण फिटत नाही. छपरावरची वीज ते थोडे हलके करते. तरी रात्री आपण तारेवरचीच वीज घेतो. म्हणून, सज्जनहो, दिवसा उरलेली वीज फुकटची समजून उधळू नये. मीटरवाटे दुसऱ्याच्या कामी येऊ द्यावी.