हल्लेखोराचा चेहरा

लिंडिसफार्न हे इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतचं छोटं बेट. जून ७९३ मध्ये उत्तरेकडच्या दर्यावर्दींनी तिथला मठ लुटला आणि व्हायकिंग हा शब्द युरोपच्या इतिहासात भीतीशी कायमचा जोडला गेला. त्याच बेटावर नवव्या शतकातली एक कोरीव समाधिशिळा मिळाली आहे. तिच्या एका अंगाला हत्यारं उगारून रांगेत निघालेले सात पुरुष आहेत, तर दुसऱ्या अंगाला क्रूस, सूर्य, चंद्र आणि प्रार्थना करणारी माणसं. हे दृश्य जगाच्या अंताचं असावं असं बरेच अभ्यासक मानतात. तरी ते सात जण कोरताना कारागिराच्या मनात बेटावरच्या हल्ल्याची आठवण होती, असंच मला वाटतं. आणि त्यानं कोरली ती साधी माणसं. कोणाच्याही डोक्यावर शिंगं नाहीत.

ही माणसं पूर्ण अनोळखी नव्हतीच. हल्ल्यानंतर अल्कुइन या विद्वानानं नॉर्थम्ब्रियाच्या राजाला पत्र लिहून खडसावलं, की तुम्ही तर केस आणि दाढीसुद्धा या मूर्तिपूजकांसारखी ठेवू लागला होता! त्याच्या मते हल्ला ही ख्रिस्ती लोकांच्याच पापांची शिक्षा होती. म्हणजे या पहिल्या विचारात दोषाचं बोट आधी स्वतःकडे वळलेलं होतं.

पुढे सुमारे ११०० साली फ्रान्समधल्या आंजे इथे संत ओबँ यांचं सचित्र चरित्र तयार झालं. त्यातल्या व्हायकिंगांच्या जहाजात ढाली आणि टोकदार शिरस्त्राणं घेतलेले योद्धे दाटीवाटीनं उभे आहेत. चित्रकारानं त्यांना आपल्याच काळातल्या सैनिकांचा वेश दिला. त्याला दाखवायचं होतं संताचं सामर्थ्य, आणि त्यासाठी शत्रू बलाढ्य असला की पुरे होतं.

राक्षस आला तो एकोणिसाव्या शतकात. जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतनाटकांसाठी १८७६ साली कार्ल एमिल डोप्लरनं वेशभूषा केली, तिच्यातून शिंगांचं शिरस्त्राण लोकप्रिय झालं. नॉर्वेत सापडलेल्या खऱ्या व्हायकिंग शिरस्त्राणाला मात्र शिंगं नाहीत. हल्ला सोसलेल्यांना माणूस दिसला आणि हजार वर्षांनंतरच्यांना राक्षस, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. राक्षस म्हटलं की कारणं शोधावी लागत नाहीत. मठात सोनं-चांदी होती, संरक्षण नव्हतं, पकडलेली माणसं गुलाम म्हणून विकता येत होती. हा सगळा हिशेब शिंगांआड दडतो. शिवाय मठांवर चालून जाणारे फक्त परकेच नव्हते; आयर्लंडमध्ये तर मन्स्टरचा ख्रिस्ती राजा फेडलिमिड यानंही क्लोनमॅकनॉइजचा मठ जाळला होता.

व्हायकिंगांना फक्त व्यापारी आणि कारागीर ठरवणारी अलीकडची हौसही मला पटत नाही. ८०६ साली आयोना बेटावर त्यांनी ६८ जणांना मारलं, हे नोंदलेलं आहे.

मुलांच्या इतिहासात या हल्ल्यांचं एकच चित्र द्यायचं असेल, तर ते लिंडिसफार्नच्या शिळेचं द्यावं.