वाकून पाहण्याविषयी

आश्चर्य वाटण्यासाठी वस्तू दुर्मीळ किंवा भव्य असावी लागते, हा समज पर्यटनाने इतका पक्का केला आहे की, वेण्णा नदीच्या काठी वसलेल्या मेढ्याच्या दक्षिणेस डोंगरमाथ्यावर पसरलेल्या कास पठाराचे वर्णनही बहुधा ‘फुलांचा गालिचा’ एवढ्यावरच उरकले जाते. गालिचा दिसतो तो लांबून, आणि लांबून पाहणाऱ्याच्या वाट्याला रंग येतो, फूल येत नाही. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या पठाराचे खरे वैशिष्ट्य मात्र गुडघे टेकल्याशिवाय कळत नाही.

पठाराचा माथा जांभ्याचा आहे. लक्षावधी वर्षांच्या पावसाने मूळ खडकातील विरघळणारे घटक वाहून नेल्यावर मागे उरलेल्या लोहयुक्त, सच्छिद्र, तांबूस खडकाला जांभा म्हणतात. त्यावरील मातीचा थर इतका पातळ आणि नत्राच्या बाबतीत इतका दरिद्री असतो की, तेथे उगवणाऱ्या काही वनस्पतींनी पोषणासाठी शिकारीचा मार्ग धरला आहे. सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी, जेमतेम नखाएवढ्या निळ्या-जांभळ्या फुलांची वनस्पती त्यांपैकीच एक होय. तिला खरी मुळे नसतात. ओल्या मातीत दडलेल्या तिच्या तंतूंवर मोहरीच्या दाण्याहूनही लहान पिशव्या असतात, ज्यांतील पाणी ती सतत बाहेर टाकत राहते आणि त्यामुळे पिशवीच्या भिंती आत ओढल्या जाऊन आतला दाब कमी होतो. एखाद्या सूक्ष्म जिवाचा स्पर्श पिशवीच्या दारावरील केसांना झाला की दार उघडते, पाण्याबरोबर जीव आत खेचला जातो आणि दार पुन्हा मिटते. जीव आत खेचला जाण्याची क्रिया सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास आटोपत असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती दिसणे शक्यच नाही.

येथे एक अडचण उभी राहते. जे दिसतच नाही त्याकडे बारकाईने पाहायचे तरी कसे? चार्ल्स डार्विनने १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याची समजूत अशी होती की, जीव स्वतःच डोके खुपसून दार ढकलतात आणि आत शिरतात. त्याच सुमारास अमेरिकेत न्यू जर्सीत या कुळातील वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या मेरी ट्रीट यांनी डासांच्या अळ्यांची गत पाहून, त्या शिरत नसून खेचल्या जातात असे मांडले, आणि पुढील संशोधनाचा कौल त्यांच्या बाजूने पडला. सूक्ष्मदर्शक दोघांपाशीही होता. तेव्हा अवधान म्हणजे केवळ टक लावणे नव्हे. काय घडत असावे याविषयीचा प्रश्न आणि तो बदलण्याची तयारी त्यात आधीच असावी लागते, नाहीतर डोळा आपल्याला अपेक्षित तेच पाहून परततो.

उलट, प्रश्नाचा गाजावाजा न करता चालणारे अवधानही असते, आणि ते पाहण्यासाठी पठार चढण्याची किंवा प्रवेशशुल्क भरण्याची गरज नाही. जावळीच्या खोऱ्यातील भातखाचरांत भांगलण करणाऱ्या स्त्रिया चिखलात वाकून, कोवळ्या भातासारखेच दिसणारे सावावर्गीय तण वेगळे काढतात. पान खोडाला जेथे भेटते तेथे भाताच्या रोपाला पातळ पापुद्र्यासारखी एक जिभली असते. त्या तणाला ती नसते. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात ओळीभर जागा घेणारा हा भेद ओळखण्याला येथे कोणी आश्चर्य म्हणत नाही. तो रोजंदारीचा भाग असतो, आणि पर्यटकाच्या उद्गारापेक्षा त्यात निरीक्षण अधिक असते असे म्हणावे लागेल. खाचराच्या ओल्या कडेला पाणगेंदाची पांढरी बोंडकीही उगवतात. पठारावर त्याच्या भाऊबंदांची छायाचित्रे काढली जातात. येथे मात्र भाताच्या हिशेबात ते तणच असल्यामुळे सावाबरोबर त्याच मुठीत उपटून बांधावर टाकले जाते.