गुप्तदान

आमच्या पिंपरी-चिंचवडात दान गुप्त ठेवायची पद्धत नाही. गणेश मंडळाला एकावन्न रुपये वर्गणी दिली तरी पावती फाडली जाते आणि अहवालात नाव छापून येतं. छापताना एकावन्नाचे एकतीस झाले तर माणूस मंडपात जाऊन भांडतो. देवळाला दिलेल्या पंख्याच्या पात्यांवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं असतं, आणि ते वाचता यावं म्हणून देणारे ऐन मे महिन्यातही पंखा बंद ठेवायला लावतात. भाऊंच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर खाली जे चाळीस 'शुभेच्छुक' असतात त्यांचं तर विचारूच नका.

त्यामुळे 2018 सालच्या जानेवारीत निवडणूक रोखे निघाले, तेव्हा मला पहिली शंका आली ती अशी, की एकावन्न रुपयांना जो लाजत नाही तो कोटी रुपयांना का लाजावा?

मी बँकेतला कारकून. रोखे विकणाऱ्या नव्हे, दुसऱ्या एका साध्या बँकेतला. शिक्षण बी.कॉम., म्हणजे तत्त्वज्ञानाशी संबंध मार्चअखेरीलाच येतो. पण गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितलेत, एवढं मला आजीच्या कृपेनं ठाऊक आहे. सात्त्विक दानाला योग्य देश, योग्य काळ आणि योग्य पात्र लागतं. रोख्यांच्या योजनेत हे सगळं काटेकोर होतं. देश : स्टेट बँकेच्या ठरावीक शाखा. काळ : जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमधले ठरवून दिलेले दहा दिवस. पात्र : मागच्या निवडणुकीत निदान एक टक्का मतं मिळवलेला नोंदणीकृत पक्ष. रोखा पंधरा दिवसांत वटवला नाही तर पैसे पंतप्रधानांच्या मदतनिधीत. एवढं शास्त्रोक्त दान आमच्या भटजींनीही कधी केलं नसेल.

घोडं अडलं ते चौथ्या अटीपाशी. जो परतफेड करू शकत नाही, त्यालाच दिलेलं दान सात्त्विक, असं गीता म्हणते. परतफेडीच्या आशेनं दिलं की ते राजस. आता ज्याच्या हातात कंत्राटं, परवाने आणि छापे आहेत, त्याच्याइतकी परतफेडीची ऐपत दुसऱ्या कुणाची असणार?

शिवाय हे गुप्तदान गुप्त कुणापासून? हुंडीत नोट टाकली तर पुजाऱ्याला कळत नाही. इथे देणाऱ्याला माहीत, बँकेला माहीत, आणि घेणाऱ्याला कळू नये म्हणून देणारा मुद्दाम गप्प बसेल, यावर तुमचा विश्वास बसत असेल तर तुम्ही भले गृहस्थ आहात. माहीत नव्हतं ते फक्त मतदाराला. रोख्यावर नाव नव्हतं. एक छुपा क्रमांक मात्र होता, तोही अतिनील दिव्याखालीच दिसणारा. पाचशेची नोट तपासायला आमच्या काउंटरवर असाच दिवा असतो.

आमचे निवृत्त हेडकॅशियर म्हणतात, यात नवं काय? त्यांनी सिमेंटचा जमाना पाहिलाय. 1981 मध्ये सिमेंट कोट्यावर मिळायचं. अंतुले मुख्यमंत्री होते, त्यांच्या प्रतिष्ठानला बिल्डर देणग्या द्यायचे आणि मग सिमेंट मिळायचं. 1982 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयानं देणगी आणि सिमेंट यांचा संबंध जोडला, आणि मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली. "तेव्हा पकडलं की माणूस निदान घरी जायचा," असं हेडकॅशियर म्हणतात आणि तपकीर ओढतात.

15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं रोखे घटनाबाह्य ठरवले. सरन्यायाधीश चंद्रचूड मूळचे खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचे, आणि चाकणही खेड तालुक्यातच, त्यामुळे आमच्या शाखेत पेढे वाटावेत की काय, अशी चर्चा झाली. मग स्टेट बँकेनं सांगितलं, घेणारे आणि वटवणारे यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्यात, जुळवायला 30 जूनपर्यंत मुदत द्या. रोखे होते 22,217. इथे मात्र आमचा अख्खा स्टाफ हसला. आमच्याकडे टॅलीत पाच रुपयांचा फरक आला तर रात्री अकरापर्यंत घरी सोडत नाहीत. कोर्टानं मुदत नाकारली आणि यादी दोन दिवसांत हजर.

यादीत पहिला नंबर लॉटरीच्या एका कंपनीचा, 1,300 कोटींच्या वर. आमच्या आकुर्डीच्या बजाज ऑटोचंही नाव होतं. खरेदी पूर्ण कायदेशीर होती, हे सांगितलंच पाहिजे. पण गावातली माणसं ते नाव असं शोधत होती, जसं आपल्या आळीतलं पोरगं गुणवत्ता यादीत आलंय का ते बघतात. सर्वाधिक पैसा भाजपला, मग तृणमूल, मग काँग्रेस. चार दिवस चहाच्या टपरीवर चर्चा झाली. पाचव्या दिवशी आयपीएल सुरू झालं. ऑगस्टमध्ये, देण्याघेण्याची विशेष पथकाकडून चौकशी करा, ही मागणी कोर्टानंही फेटाळली. खुर्ची कुणाचीच गेली नाही.

मला वाईट वाटतं ते याचंच. इतकी वर्षं मी समजत होतो, की आपल्याला कळत नाही म्हणून चालतं. कळलं, क्रमांकासह कळलं, तरी चालतंच आहे. मग लेजर जुळवायचं कशासाठी?

पण काउंटर काही थांबत नाही. परवा नाणेकरवाडीला खोली घेऊन राहणारा एक पोरगा खातं उघडायला आला. हातात पाचशे रुपये. फॉर्मवर एक रकाना असतो, उत्पन्नाचा स्रोत. तो भरल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

"नोकरी कुठं?"

"चाकणला, कंपनीत." त्यानं एका मोटारीचं नाव सांगितलं.

"कंपनीचे कायम कामगार?"

"नाही, ठेक्यावर."

"ठेकेदाराचं नाव?"

पोरगा गप्प. तीन वर्षं रोज आठ तास तो दरवाजे बसवतो, पण आपण नेमके कुणाचे नोकर, हे त्याला कधी कुणी सांगितलेलं नव्हतं. पगार हातात, पावती नाही. मी म्हटलं, विचारून घ्या. त्यानं तिथंच उभं राहून सुपरवायझरला फोन लावला आणि अदबीनं विचारलं.

पलीकडचा आवाज मला काचेच्या अलीकडंही स्पष्ट ऐकू आला : "नाव कशाला पाहिजे तुला? कोण विचारतंय?"