चौकशीला आलेल्या हवालदाराला काय सांगावे?



गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एका सद्गृहस्थांनी आम्हांला बाजूला बोलावले. शिरोली एमआयडीसीत त्यांचे छोटे मशीन शॉप आहे. म्हणाले, "फादर, रिव्हॉल्व्हरच्या परवान्याला अर्ज टाकलाय. पोलीस चौकशीला येतील, तुमच्याकडंपण येतील. चार शब्द बरे सांगा की." आम्ही "सांगू की" म्हणालो आणि पुढच्या माणसाकडे वळलो. नोकरी, शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा कामांसाठी लोक आमच्याकडे दाखला मागतात, आम्ही देतो. त्याच सवयीने बोलून गेलो. दुपारी जेवायला बसलो तेव्हा लक्षात आले की या वेळी आपण निराळ्याच गोष्टीला होकार दिला आहे.

हा लेख त्यांच्या संमतीने लिहीत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

प्रथम कायदा समजून घेऊ, कारण या विषयावर ऐकीव माहितीच फार. अमेरिकेत ज्यांची मुले आहेत ते सांगतात, तिकडे राज्य बदलले की पिस्तुलाचा कायदा बदलतो. पिस्तूल बाळगणे हा तिथे घटनेने दिलेला हक्क मानतात. आपल्याकडे तसे नाही. शस्त्रे हा विषय राज्यघटनेने केंद्राकडे ठेवला आहे. त्यामुळे कोल्हापुरात, निपाणीत आणि पणजीत कायदा एकच : १९५९ चा शस्त्र अधिनियम आणि त्याखालचे २०१६ चे नियम. महाराष्ट्राचा वेगळा पिस्तूल कायदा नाही. परवाना मात्र येथील जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारी देतात, आणि तो कोणत्या क्षेत्रापुरता आहे ते परवान्यावर लिहिलेले असते. हे शेवटचे वाक्य आपल्यासाठी महत्त्वाचे. शिरोलीतून महामार्गाला लागलेला माणूस कागल ओलांडून कोगनोळीला पोहोचला की कर्नाटकात असतो. परवाना महाराष्ट्रापुरता असेल, तर गाडीच्या कप्प्यातले तेच रिव्हॉल्व्हर तिथे विनापरवाना ठरते. गोव्याच्या फेस्ताला निघालेल्यांचेही तेच. विनापरवाना पिस्तूल बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे.

परवाना मिळण्यासाठी वय एकवीस पूर्ण हवे. आरोग्याचा दाखला लागतो, त्यात मनाचे आरोग्यही आले. शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण लागते आणि घरी ते कुलुपात ठेवण्याची हमी द्यावी लागते. एका माणसाला पूर्वी तीन शस्त्रे ठेवता येत, २०१९ पासून दोनच. खरेदी परवानाधारक दुकानातूनच, आणि तिची नोंद परवान्यावर. नऊ एमएम पिस्तुलासारखी प्रतिबंधित बोअरची हत्यारे सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. लोक घेतात ते बहुधा.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर. चारचौघांत ते उघडे मिरवता येत नाही, खोळीत झाकून न्यावे लागते. लग्नाच्या वरातीत निष्काळजीपणे बार काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निवडणुकीच्या दिवसांत पोलीस शस्त्र जमा करायला सांगू शकतात. आणि ते दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, सख्ख्या भावाच्याही नाही. दुरुस्तीला किंवा परवान्याच्या नूतनीकरणाला नेण्यापुरती सवलत आहे, तीही मालकाच्या लेखी अधिकाराने.

आपल्या भागात लेथ नाही असा गाळा सापडणे कठीण, म्हणून हेही सांगून ठेवतो : परवान्याशिवाय हत्यार बनवणे हा बाळगण्याहून मोठा गुन्हा आहे. "नळी तर ओढून द्यायची आहे" म्हणून कोणी काम घेऊन आला, तर ड्रॉइंग नीट पाहा.

या कायद्यात एक भेद आहे. तो वाचला तेव्हा आमच्या मनातला गुंता थोडा सुटला. कलम १३ मध्ये दोन प्रकारचे अर्ज कल्पिले आहेत. चंदगड-आजऱ्याकडचा शेतकरी रानडुकरांपासून पीक राखायला ठासणीची बंदूक मागतो, किंवा कोणी संरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची साधी बंदूक मागतो. अशांना, अपात्र ठरण्याचे कारण नसल्यास, परवाना द्यावा असे कायदा म्हणतो. रिव्हॉल्व्हर त्यात बसत नाही. तिथे अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते की मागण्याला योग्य कारण आहे. हा फरक का असावा? बंदुकीने पीक राखता येते. कमरेला लपणाऱ्या हत्याराने कोणी डुक्कर मारत नाही. ते माणसासाठीच घडवलेले असते, तेही हाताच्या अंतरावरच्या.

इथे इतिहासाकडे क्षणभर वळू. १८७८ मध्ये लॉर्ड लिटन यांच्या काळात इंग्रजांनी शस्त्र कायदा करून हिंदी माणसाला परवान्याच्या दारात उभे केले आणि युरोपियनांना मोकळे सोडले. तो अपमान आपल्या नेत्यांना इतका सलत होता की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांना अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही मागितला होता. पुढे स्वातंत्र्य आले, घटना झाली, आणि तो हक्क मूलभूत हक्कांत आला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हेच बोलून दाखवले, की अमेरिकेसारखा घटनादत्त शस्त्रहक्क आपल्याकडे नाही. म्हणजे परवाना हा समाजाने एका माणसावर टाकलेला विश्वास आहे. तो टाकण्याआधी समाजाला विचारले जाते, आणि ते विचारणे म्हणजेच चौकशीला येणारा हवालदार. तो शेजाऱ्यांना विचारतो, आम्हांला विचारतो. "माणूस बरा आहे, साहेब" असे न विचार करता आपण म्हणालो, तर ती साक्ष झाली. तिच्यावर पुढे एक रिव्हॉल्व्हर उभे राहते.

आमचे सद्गृहस्थ यावर चिडतील हे आम्हांला ठाऊक होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : "गुंड काय परवाना काढतो होय? उमरटीचा कट्टा घेऊन फिरतो. कायदा पाळणाऱ्यानंच हात बांधून बसायचं का?" हा आक्षेप हलका नाही. १६ फेब्रुवारी २०१५ च्या सकाळी आपल्याच कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे आणि त्यांच्या पत्नी उमाताई यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी पानसरे गेले. मारेकरी कुठल्या कार्यालयात अर्ज घेऊन गेले नव्हते. मध्य प्रदेशच्या सीमेवरून येणारे गावठी कट्टे पोलीस पकडतात, तरी येतच राहतात. हे सारे खरे. पण त्यातून इतकेच निघते की सरकारने कट्टे थांबवावेत. माझ्या कपाटात काय असावे याचा निकाल त्यातून लागत नाही.

आणि कुटुंबरक्षणाचे कारण प्रामाणिक असले, तरी ते सर्व काही धुऊन काढत नाही. १९९३ च्या मुंबईत अभिनेते संजय दत्त यांनी घरच्यांच्या सुरक्षिततेसाठी हत्यार ठेवल्याचे सांगितले होते. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावली.

स्वसंरक्षण हा मात्र पाप नव्हे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना या प्रश्नावर आम्ही एक पूर्ण आठवडा घालवला होता. संत थॉमस अक्वायनस यांचे म्हणणे साधारण असे : हल्लेखोराला रोखताना एका कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, माझा जीव वाचणे आणि त्याचा जाणे. हेतू पहिल्याचा असावा. दुसरा हेतूबाहेर घडला, तर दोष नाही. पण गरजेपेक्षा अधिक बळ वापरले, की कृती दूषित होते. आपली भारतीय न्याय संहिता कलम ३४ ते ४४ मध्ये हेच माप लावते : आवश्यक तेवढेच बळ, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर स्वसंरक्षणाचा हक्क नाही. तेराव्या शतकातला संन्यासी आणि आजचे कलम इतके जवळ येतात, याचे आम्हांला अजूनही नवल वाटते.

परंतु संत थॉमस हल्ल्याच्या क्षणाविषयी बोलतात. अर्ज करणारा माणूस त्या क्षणात नसतो. तो सहा महिने आधी, शांतपणे, दुकानात उभा राहून हत्यार निवडतो. त्या वेळी त्याच्या मनात कोण असते? ज्याच्या मनात कोणीच नसते, फक्त रात्रीचा अनोळखी दरोडेखोर असतो, त्याचा हेतू रक्षणाचा मानता येईल. ज्याच्या मनात एक चेहरा आहे, त्याचे काय? आमच्या सरांनी हा प्रश्न वर्गात विचारला होता, तेव्हा आम्ही तरुण होतो आणि आम्हांला तो शब्दांचा खेळ वाटला होता.

परवान्याचे हत्यार म्हणजे सुरक्षित हत्यार, हा समज गेल्या काही वर्षांत आपल्याच राज्यात पुष्कळदा खोटा पडला आहे. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी मुंबईच्या दहिसर भागात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर थेट प्रक्षेपण चालू असताना गोळ्या झाडल्या गेल्या. मारणाऱ्याच्या नावावर परवाना नव्हता. हत्यार त्याच्या अंगरक्षकाचे, परवाना उत्तर प्रदेशातला. म्हणजे कागद एकाचा आणि राग दुसऱ्याचा. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांच्या हातातून स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी सुटून पायात शिरली; त्यात कोणाचा राग नव्हता, फक्त सकाळची घाई होती. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला, तेव्हा एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने असल्याचे बाहेर आले, आणि पुढे त्यांतले शंभराहून अधिक रद्द करावे लागले. त्या प्रत्येक परवान्याआधी कोणीतरी चौकशी केली असेल, आणि कोणीतरी "माणूस बरा आहे" म्हणाले असेल.

दुसऱ्या रविवारी आम्ही त्या सद्गृहस्थांना चहाला बोलावले. विचारले, "अर्जात कारण काय लिहिलंय?"

"पगाराची रोकड आणायची असती, म्हणून."

"तुमच्याकडे पगार रोख होतो?"

ते हसले. "आता कुठं, फादर. सगळ्यांचा बँकेत जातोय."

मग बराच वेळ कप हातात धरून बसले. हळूहळू जे आले ते असे : धाकट्या भावाबरोबरची भागीदारी चार वर्षांपूर्वी मोडली. प्लॉटच्या हिश्शावरून कोर्टात दावा आहे. गेल्या दिवाळीच्या सुमारास गेटवर बाचाबाची झाली, भावाच्या मुलाने गजाला हात घातला. त्या दिवसापासून यांना झोप नाही. मुले रात्री उशिरा आली की हे खिडकीत उभे असतात. भीती खरी होती, हे आम्ही नाकारत नाही. ती पाहून आमचा पवित्रा थोडा ढिला पडला हेही कबूल करतो.

आम्ही म्हणालो, "हे आत्ता तुम्ही विश्वासाने सांगितलंत, ते आमच्याकडून बाहेर जाणार नाही. पण हवालदारानं विचारलं, की यांचं कोणाशी वैर आहे का, तर 'नाही' असं आम्हांला म्हणता येणार नाही. गेटवरचं भांडण सगळ्या एमआयडीसीनं पाहिलंय. तुम्ही कष्टाळू आहात, व्यवहाराला चोख आहात, दारू पीत नाही, हे सांगू. भांडण मिटलेलं नाही, हेही सांगू."

"मग परवाना मिळायचा नाही."

"कदाचित मिळेलही. धमकी असणं हे कायद्यात बसणारं कारण आहे. पण मग अर्जात तेच लिहा, रोकड नको."

यावर ते जे म्हणाले ते आम्ही विसरलेलो नाही : "तसं लिहायचं म्हणजे भावाचं नाव लिहायला लागंल, फादर."

आम्ही काही बोललो नाही. बाहेर रविवार असूनही कुठल्याशा फाउंड्रीची भट्टी चालू होती, तिचा आवाज येत होता. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, धाकटा अजून मिस्साला येतो का? येतो, पण सकाळच्या पहिल्या मिस्साला, असे आम्ही सांगितले. दोघे वेळ चुकवून येतात हे आम्हांला माहीत होते. पण त्याविषयी चार वर्षांत आम्ही एकालाही काही विचारले नव्हते, आणि ती चूक आमची.

अर्ज त्यांनी मागे घेतलेला नाही. हवालदारही अजून आलेले नाहीत. येत्या रविवारी पहिल्या मिस्सानंतर आम्ही धाकट्या भावालाही चहाला थांबवणार आहोत.