थर्मासातली ऊब

दिल्लीत जानेवारीच्या सकाळी मुनीरक्याहून लोधी रोडपर्यंत सायकल मारायची, तर कॉफी गरम ठेवणं हे एक शास्त्रच होऊन बसतं. थर्मास आधी उकळत्या पाण्याने विसळायचा, कॉफी काठोकाठ भरायची, वाटेत झाकण उघडायचं नाही. मग ऑफिसात पोहोचल्यावरही ती जीभ पोळते.

गंमत म्हणजे जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली लंडनमध्ये ही दुहेरी भिंतींची बाटली केली ती गारवा राखायला, द्रवरूप वायूंसाठी. गरम काय नि गार काय, बाटलीला सारखंच. तिचं काम एकच : आतल्याचा बाहेरच्याशी संबंध तोडणं. दोन भिंतींच्या मध्ये निर्वात पोकळी.

म्हणूनच सिग्नलला बधिर बोटं थर्मासभोवती धरली, तर हाती लागतं गार स्टील. टपरीवरचा काचेचा ग्लास मात्र हात शेकतो, कारण त्यातला चहा निवत असतो. म्हणजे ऊब द्यायची तर निवायची तयारी हवी. पण वाटेतच सगळं निवलं, तर पोहोचल्यावर द्यायला तरी काय उरणार? हा प्रश्नही मला खोटा वाटत नाही.

फाटकापाशी रात्रपाळीचे पहारेकरी काटक्या पेटवून बसलेले असतात. शेकोटीला झाकण नसतं. येणाऱ्याजाणाऱ्याने हात पुढे करावेत. मी हात शेकतो आणि झाकणात त्यांना कॉफी ओततो. ‘भाईसाहब, चीनी कम है,’ ते म्हणतात. उरलेली दुसऱ्या मजल्यावर जाईपर्यंत कोमट झालेली असते.