न विचारता मिळालेला सल्ला



समजा, आपल्यापैकी कोणी पिंपळगाव राजात रक्तदाब तपासायला गेला. दंडावरचा पट्टा सुटला, आणि गोळ्या हातावर ठेवता ठेवता नर्सबाई म्हणाल्या, "भाऊ, संध्याकाळची घेता ती बंद करा. अन् पोरगी सोळाची आहे म्हणता, तिच्या लग्नाची घाई करू नका." त्याला काय वाटेल? गोळीसाठी आलो होतो, आमच्या घरात डोकावायला हिला कोणी सांगितले! आपल्या लोकांना हे अधिकच झोंबते, आणि त्याला कारण आहे. पिढ्यान्‌पिढ्या वरून आलेला उपदेश अपमानाच्याच भाषेत आला. त्यामुळे आज भल्याचा शब्दही कानाला टोचतो.

परंतु प. पू. बाबासाहेबांनी अशा वेळी काय केले ते पाहा. घटनेच्या मसुद्याचे काम चालू असताना मधुमेह आणि पायांच्या असह्य वेदना यांनी ते खंगले होते, झोप उडाली होती. मुंबईत डॉ. मालवणकरांचे उपचार सुरू झाले. औषध मिळालेच, पण डॉक्टरांनी हेही बजावले की पथ्यपाणी आणि देखभाल करणारे कोणी घरात हवे. रमाईंचे निधन २७ मे १९३५ ला झाले होते आणि पुन्हा विवाह करायचा नाही असा बाबासाहेबांचा निश्चय होता. प्रकृतीने तो मोडायला लावला. १५ एप्रिल १९४८ ला दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा नोंदणी विवाह झाला. त्याच पुढे आपल्या माई. (त्या माईंना आपल्याच काही लोकांनी नंतर किती बोल लावले! नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ ला त्या बाबासाहेबांच्या शेजारी उभ्या राहून दीक्षित झाल्या, एवढे तरी आठवावे.) ज्या माणसाने जन्मभर कोणाचा शब्द तपासल्यावाचून घेतला नाही, त्याने वैद्याचा शब्द स्वतःच्या निश्चयाहून मोठा मानला.

तपासायचे मात्र आहेच. कालामांना तथागतांनी सांगितले की गुरू म्हणतो म्हणून मानू नका. ते अहितकारक आहे का, जाणते त्याची निंदा करतात का, हे स्वतः पाहा. मग नर्सबाईचे बोलणे त्या कसोटीला लावा. दारू सोडणे हे तर आपण विहारात घेतलेले पाचवे शील. मुलीचे वय अठरा व्हावे हा देशाचा कायदा. यात अपमान कुठे आहे?

कोसलचा राजा प्रसेनजित द्रोणभर भात खाई. एकदा जेवण करून धापा टाकत तो भगवंतांकडे आला. औषध मागायला आला नव्हता. भगवंतांनी त्याची अवस्था पाहिली आणि मापाने जेवणाऱ्याला वेदना कमी होतात, वय सावकाश सरते, एवढेच सांगितले. राजा रागावला नाही. मागे उभ्या असलेल्या सुदर्शन नावाच्या तरुणाला त्याने ते बोल पाठ करायला लावले. रोज ताटावर बसताना म्हणून दाखवायचे आणि त्याबद्दल रोज शंभर कहापण घ्यायचे. हळूहळू राजा एका नाळीवर आला. स्वतःचे अंग चाचपून तो खूश झाला!

तेव्हा नर्सबाईने सांगितले ते घरी येऊन लपवू नका. शाळेत जाणाऱ्या लेकीला ते वहीत लिहून घ्यायला सांगा, आणि संध्याकाळी तुम्ही चप्पल पायात घालू लागलात की तिने ते मोठ्याने वाचावे. शंभर कहापण कुठून आणणार? बाटलीचे वाचलेले पैसे तिच्या पुस्तकांच्या डब्यात टाका.